१९० लिटरचा संसार

फ्रीज सगळ्या घराचा असतो, असं आपण म्हणतो. साफ खोटं! फ्रीजचा प्रत्येक कप्पा कुणाच्या ना कुणाच्या नावावर असतो, फक्त सातबारा निघत नाही एवढंच. वरचा बर्फाचा कप्पा पोरांचा. त्याखालचा ट्रे दुधाचा आणि सायीच्या डब्याचा, म्हणजे आईचा. मधली काच कालच्या भाजीची. दारातली सगळ्यात खालची बाटल्यांची रांग उन्हातून येणाऱ्या प्रत्येकाची. आणि तळातला भाजीचा ड्रॉवर? तिथे मेथी आणि सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी इडली शोधू नये) आणि त्याखाली, पेपरात गुंडाळलेलं, घरातल्या तरुण मुलाचं गुपित. वऱ्हाडातल्या किती घरांत बिअरची बाटली मेथीच्या जुडीखाली झोपते आणि किती आयांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं, यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही.

अशा फ्रीजमध्ये १९ लिटरचं स्टीलचं पिंप घुसवायचं, असा प्रस्ताव गेल्या वर्षी आमच्या अकोल्याच्या घरात आला. आणला माझ्या मोठ्या भावाने.

दादा ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला बारा वर्षं होता. पोर्टलंड म्हणजे बिअरवाल्यांचं पंढरपूर. तिथे गल्लीगल्लीत छोट्या ब्रुअरी, आणि ज्यांना तेवढ्यावर भागत नाही ते घरीच बिअर करतात. अमेरिकेत हे कायदेशीर आहे, पण फार जुनं नाही. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि १९७९ पासून घरगुती बिअरवरची केंद्रीय बंदी उठली. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर! विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं तर २०१३ साली राजी झाली. दादा तिथे दर महिन्या-दोन महिन्याला एक घाण काढायचा. 'घाण' हा शब्द त्याचाच, तेलाच्या घाण्यावरून घेतलेला. फोटो पाठवायचा. आई ते फोटो बघून म्हणायची, "एवढं मोठं भांडं, वडाभात किती होईन त्यात!"

आई २०२३ च्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर सहा महिन्यांनी दादा आला तो दोन मोठ्या बॅगा आणि ती दोन पिंपं घेऊन. "काही दिवस राहतो," म्हणाला. किती दिवस, ते ना त्याने सांगितलं ना बाबांनी विचारलं. नोकरी लॅपटॉपवरची, रात्रीची, त्यामुळे तिचा अडसर नव्हता. मी अमरावतीला असते, शनिवार-रविवार अकोल्याला जाते. मला एवढंच दिसत होतं की माणूस बॅगा पूर्ण उपसत नाहीये. कपडे बॅगेतच. पण पिंपं मात्र पहिल्याच आठवड्यात बाहेर काढून, धुऊन, गच्चीवर उन्हात उलटी ठेवलेली. शेजारच्या काकूंनी वरून विचारलं, "दुधाचा धंदा टाकता का जी?"

आता या पिंपाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वस्तू सॉलिड आहे. इंग्रजीत याला केग म्हणतात आणि या जातीला 'कॉर्नी' केग, कॉर्नेलियस नावाच्या अमेरिकन कंपनीवरून. गंमत म्हणजे ही बिअरसाठी जन्मलीच नाहीत. कोल्ड्रिंकचं सिरप हॉटेलांत पोचवायला ती वापरात होती. कोकाकोलावाल्यांचा नळीचा जोड एक प्रकारचा, पेप्सीवाल्यांचा दुसऱ्या प्रकारचा. पुढे सिरप खोक्यातल्या पिशवीत यायला लागलं, लाखो पिंपं भंगारात निघाली आणि घरी बिअर करणाऱ्यांनी ती उचलली. उंची साधारण ६४ सेंटीमीटर, व्यास २२. रिकामं वजन चार किलोच्या आसपास, भरलं की तेवीस. वर अंडाकृती झाकण, झाकणावर जादा दाब सोडणारा व्हॉल्व, आणि दोन जोड: एकातून गॅस आत, दुसऱ्यातून पेय बाहेर. बाहेर येणाऱ्या जोडाला आतून तळापर्यंत गेलेली नळी. वरून गॅस दाबतो, खालून पेय चढतं. पिचकारीचा फंडा!

पण बॉस, महाराष्ट्रात घरी बिअर करणं गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय मद्य बनवू देत नाही, आणि 'माझ्यापुरतंच केलं साहेब' ही पळवाट त्यात नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि नंतर तिथे आणि मुंबईत ब्रू-पब वाढले, पण ते परवाना काढून चाललेले धंदे. आपल्या स्वयंपाकघरातली बादली त्यात बसत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. अमरावतीहून नागपूरला जाताना मधला तासभर लोक पाणीच पितात, असं मानायची पद्धत आहे.

दादाला हे सगळं माहीत होतं. तो आल्या-आल्याच म्हणाला, यीस्ट आणणार नाही. त्याच्या डोक्यात होता सोडा. आलं-लिंबाचा, संत्र्याचा, कोकमाचा. यीस्ट नाही, आंबवणं नाही. सरबत करायचं, पिंपात भरायचं, थंड करायचं आणि वरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. "बिअरचं सगळं सामान, फक्त बिअर नाही," हे त्याचं वाक्य. मला ते ऐकताना उगाच वाटलं, की पोर्टलंडचंही असंच काहीतरी तो म्हणतोय.

घरी करायचं तर थंड करणं मस्टच. थंड पाण्यात गॅस मुरतो, कोमट पाण्यात राहत नाही. अमेरिकन बिअरवाल्यांच्या तक्त्यात स्पष्ट दिसतं: तीन-साडेतीन अंशांना जेवढा फेस ११ पीएसआय दाबात मिळतो, त्यालाच २१ अंशांना २८-२९ पीएसआय लागतात. सोड्याला बिअरपेक्षा जास्त गॅस हवा, म्हणजे थंडगार असतानाही साधारण २५ पीएसआय. आणि आमचं अकोलं कुठे? मे २०२० मध्ये इथला पारा ४७ च्या आसपास गेला होता. एप्रिलमध्ये नळाचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. म्हणजे पिंप फ्रीजमध्येच हवं. आणि फ्रीज एकच, २००४ साली घेतलेला, सिंगल डोअर, १९० लिटर.

कागदावर हिशोब एकदम खुशीचा. पिंपाभोवती चौकोनी खोकं कल्पिलं तर ते भरतं ३१ लिटरचं. १९० भागिले ३१, म्हणजे सहा पिंपं! प्रत्यक्षात? १९० मध्ये बर्फाचा कप्पा आला, दारातल्या कप्प्यांची जागा आली. आणि मागे तळाला एक पायरी असते, जिच्या आड कॉम्प्रेसर बसलेला असतो. ती जवळजवळ वीतभर उंच. पिंप त्या पायरीवर ठेवलं तर वर बर्फाच्या ट्रेला टेकतं. पायरीच्या पुढे ठेवलं तर दार लागत नाही.

पहिली चाचणी अमरावतीत, माझ्या भाड्याच्या खोलीत झाली, कारण बाबांच्या फ्रीजला हात लावायची दादाची हिंमत नव्हती. एक पिंप गाडीत टाकून आला. तोच तो रस्ता, जून २०२२ मध्ये जिथे १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीजमध्ये नाव नोंदवलं गेलं. पिंप मूर्तिजापूरपर्यंत मागच्या सीटवर आडवं, पुढे सीटबेल्ट लावून उभं. माझा फ्रीज घरमालकांचा, नवा. सगळ्या काचा काढल्या, भाजीचा ड्रॉवर काढला, पिंप ठेवलं, दार लोटलं... चार बोटं उघडं. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा फुगवटा नडत होता, आणि तो दाराच्याच साच्यात ओतलेला. अमेरिकेत लोक सरळ ते अस्तर कापून सपाट पत्रा लावतात. घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात, हे मी दादाला दोनदा सांगितलं.

एक धोक्याची सूचना, कारण हे वाचून कुणीतरी ड्रिल मशीन शोधायला उठेलच. नव्या फ्रीजमध्ये गरम गॅसच्या नळ्या बऱ्याचदा बाजूच्या भिंतींतून फिरवलेल्या असतात. फ्रीज चालू असताना बाजूला हात लावा, कोमट लागेल. तिथे भोक पाडलं की फ्रीज संपला. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो. तो पेट घेतो. जुन्या फ्रीजला मागे काळी जाळी असते, त्याच्या बाजू त्या मानाने निवांत, पण बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्यातून नळ्या जातातच. बर्फ उकरायला सुरी खुपसून फ्रीजचा जीव घेतलेला निदान एक काका प्रत्येक खानदानात असतो. तेव्हा तो कप्पा वाकवायचा नाही, टोचायचा नाही. जे काही करायचं ते काच, जाळ्या, क्लिपा, म्हणजे परत बसवता येईल तेवढंच.

तर अमरावती बाद. राहिला अकोल्याचा फ्रीज, आणि त्यात बाबांचं इन्सुलिन.

बाबा कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. शिस्त म्हणजे शिस्त. न वापरलेली इन्सुलिनची पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाहीत. गोठलं की ते फेकायचंच. म्हणून बर्फाच्या पत्र्याजवळ नाही, दारात नाही (दार उघडझाप होत राहतं), तर मधल्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या डब्यात. आईने ही जागा ठरवली होती. त्या डब्याशेजारी एक बरणी. लिंबाचं लोणचं, आईने घातलेलं शेवटचं. लिंबाच्या लोणच्याला फ्रीज लागत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते बाहेर मुरतं, वर्षानुवर्षं टिकतं, उलट काळं पडलं की जास्त चांगलं. आईची बरणी कायम फडताळात असायची. ती गेल्यावर महिनाभराने मी अकोल्याला गेले तेव्हा बरणी फ्रीजमध्ये होती. मी काही बोलले नाही. बाबा जेवताना ती काढायचे नाहीत. फक्त ठेवलेली होती.

दादाने टेप घेतला, फ्रीज मोजला, वहीत चित्र काढलं. पायरीच्या पुढे तळ २४ सेंटीमीटर, पिंप २२. उंची ७०, पिंप ६४, वर नळ्यांना सहा उरतात. दारातली खालची बाटल्यांची रांग इथे क्लिपांवर होती, काढता येत होती. रुंदी ४५. म्हणजे एक पिंप उजवीकडे उभं राहिलं तर डावी अर्धी बाजू मोकळी. (दोन पिंपं शेजारी शेजारी ठेवली तर एक सेंटीमीटर उरतो, हे त्याच्या वहीत होतं. ते पान त्याने पटकन उलटलं.) पण काचा अख्ख्या रुंदीच्या. पिंप बसायचं तर दोन्ही काचा जाणार. म्हणजे इन्सुलिनचा डबाही हलणार आणि बरणीही.

बाबा खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "काऊन रे, फ्रीज कायले मोजतं?"

दादाने सांगितलं. अमेरिकेत बारा वर्षं राहिलेला, दहा जणांच्या मीटिंगा चालवणारा माणूस; सांगताना टेप गुंडाळत होता, उलगडत होता.

"थे दारूचं पिंप माह्या घरात येनार नाही."

"बाबा, दारू नाही. सोडा आहे."

"सोडा गांधी रोडवर भेटते. त्याच्यासाठी अमेरिकेतून भांडे आनाची काय गरज?"

मुद्दा बिनतोड होता! गोटी सोडा म्हणजे आमच्या पिढीच्याही लहानपणची चीज. गळ्यात काचेची गोटी अडकलेली ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केली आणि तिकडे ती केव्हाच विस्मरणात गेली, पण आपल्या हातगाड्यांवर राहिली. दादा दुसऱ्या दिवशी सरळ एका सोडा भरणाऱ्या चाचांकडे गेला. चाचांनी पिंप उलटंपालटं करून बघितलं, झाकणाचं रबर दाबलं, आणि विचारलं, "प्रेशर किती घेते?" १३० पीएसआयपर्यंतचा शिक्का बघून मान हलवली. गॅसचा सिलेंडर कुठे भरून मिळतो ते त्यांनीच सांगितलं. अमेरिकन रेग्युलेटरचे आटे आपल्या सिलेंडरला बसत नाहीत, तेव्हा रेग्युलेटर इथलाच घेतला.

आणि चाचांनीच तो इशारा दिला जो पोर्टलंडमध्ये कुणाला द्यावा लागत नाही: सिलेंडर उन्हात ठेवायचा नाही, काठोकाठ भरून घ्यायचा नाही. दादाने मग मला त्यामागचं विज्ञान समजावलं. कार्बन डायऑक्साइड सिलेंडरमध्ये दाबाखाली द्रव होऊन असतो. २० अंशांना तो दाब ५७ बार. पण ३१ अंशांच्या वर गेलं की द्रव आणि वायू हा फरकच संपतो, कितीही दाबा. त्यानंतर जसं तापेल तसा दाब चढत जातो, आणि सिलेंडर ठासून भरलेला असेल तर भलताच. अकोल्यात ३१ अंश म्हणजे काय? फेब्रुवारीतली दुपार. तेव्हा सिलेंडर बैठकीत, साखळीने खिडकीला बांधलेला, कूलरच्या वाऱ्यात. कूलरमुळे खिडकी उघडी असतेच, म्हणजे गॅस गळला तरी खोलीत कोंडत नाही. बाबा म्हणाले, "घरात आता कूलर त्याच्यासाठी, आमच्यासाठी नाही."

पण बोलता-बोलता ते कूलरवर आले, आणि तिथे त्यांची आणि दादाची गाडी रुळावर आली. पाणी उडालं की गारवा, हा आमच्या प्रांताचा जीवनमंत्र. हवा कोरडी, त्यामुळे बाहेर ४४ असताना माठातलं पाणी २६-२७ ला बसतं. दमट मुंबईत हे जमायचं नाही. दादाने सांगितलं की पोर्टलंडला उन्हाळ्यात त्याची बिअर तापायची, तेव्हा तो पिंप टबात ठेवून ओलं फडकं गुंडाळायचा आणि पंखा लावायचा. तिकडे याला 'स्वॅम्प कूलर' म्हणतात. त्याच्या गोऱ्या मित्रांना वाटायचं, काय डोकं आहे! बाबा पहिल्यांदा हसले. "म्हंजे तू तिकडं रांजन विकला त्यायले."

मग बाबांनी हिशोब मांडला, तोंडी. एकोणीस लिटर ४० अंशांचं पाणी फ्रीजमध्ये ढकललं तर बिचारा कॉम्प्रेसर मरेल, आणि तोवर बाकीचं सगळं कोमट होईल, इन्सुलिनसकट. तेच पाणी माठात २६ वर आणून मग भरलं तर ४० वरून ४ वर नेण्याच्या कामातलं जवळजवळ ४० टक्के काम माठाने फुकटात केलं. आणि तरीही भरायच्या दिवशी पेनांचा डबा शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये. ही अट बाबांची. दादाने पुढे आपली एक अट घातली: फ्रीजमध्ये थर्मामीटर. वायरच्या टोकाला सेन्सर असतो तो, डब्यातच ठेवायचा, आकडा बाहेर दिसतो.

राहिली बरणी. तिच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. शनिवारी सकाळी काचा काढायची वेळ आली. दादाने ड्रॉवर काढला, बाटल्या काढल्या, साय काढली, वरच्या काचेवरचं सगळं ओट्यावर मांडलं. मधल्या काचेपाशी थांबला. मी भांडी घासायचं निमित्त काढलं. बाबा उठले, बरणी दोन्ही हातांनी काढली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "मुरलं आता." फडताळात तिच्या जुन्या जागी मिठाचा डबा आला होता, तो सरकवला. दुपारच्या जेवणात तिघांच्या ताटात एकेक फोड होती. बाबांना मीठ कमी सांगितलंय, तरी होती.

बाकी कामं भराभर झाली. डाव्या बाजूसाठी बाजारातून तारेच्या दोन अरुंद जाळ्या आणल्या, त्यांना पाय होते, एकावर एक बसल्या. तळाला प्लायवूडचा तुकडा, म्हणजे तेवीस किलोचं वजन प्लॅस्टिकवर एका जागी पडत नाही. भाजी हद्दपार, ती आता रोज आणायची, ओल्या फडक्यात ठेवायची. नळ फ्रीजच्या आतच, अंगठ्याने दाबायचा साधा प्लॅस्टिकचा, नळी पिंपाभोवती वेटोळं घालून. नळी लांब ठेवायची. आखूड ठेवली की पेलाभर फक्त फेस येतो. गॅस भरला की बाहेरची नळी काढून टाकायची, म्हणजे दाराचं रबर नीट बसतं.

पहिली भरती संत्र्याची झाली, कारण मोर्शीहून मृग बहाराची संत्री आली होती आणि आपल्या मातीचं काहीतरी हवं ही बाबांची इच्छा. फ्लॉप! नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू होत जातो, लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे. ताजा गोड लागलेला रस दोन दिवसांनी तोंड वाकडं करतो. शिवाय गर पिंपाच्या जोडात अडकला. दुसरी भरती आलं-लिंबाची, मलमलीतून दोनदा गाळलेली. ही मात्र... यार, काय सांगू! आल्याचा ठसका आधी नाकात, मग घशात, आणि बुडबुडे असे बारीक की जीभ चरचरते. बाबांसाठी बिनसाखरेचा, काळं मीठ चिमूटभरच. साखरेचं सरबत पिंपात घातलं तर आठवड्यात संपवायचं, हा दादाचा नियम. हवेतलं यीस्ट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ते शिरलं की आपोआप आंबायला लागतं, आणि मग कायद्याचाही प्रश्न येतो आणि दाबाचाही.

मेमध्ये एका दुपारी वीज गेली. साडेतीन तास. बाहेर ४५. एरवी अशा वेळी बाबा पेनांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी जाऊन बघायचे. या वेळी दादा म्हणाला, दार उघडू नका, फक्त आकडा बघा. वीज गेली तेव्हा ४.६. तासाने ५.१. साडेतीन तासांनी ६.८. एकोणीस लिटर थंडगार पाणी आत उभं होतं, ते तापायला वेळ लागणारच. रिकामा फ्रीज लवकर तापतो, भरलेला उशिरा, हे साधं भौतिकशास्त्र. पण बाबा त्या आकड्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मी त्यांच्या कापसाच्या प्रयोगांच्या वेळीच पाहिली होती. वीज आल्यावर त्यांनी आपली साखरेची वही काढली. उपाशीपोटी, जेवणानंतर, असे रकाने असतात तिच्यात. त्यांनी पट्टीने आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: 'पिंप'.

तेव्हापासून पिंप रिकामं राहू द्यायचं नाही, असा घरचा कायदा आहे. सोडा नसेल तेव्हा साधं पाणी. नातेवाईक येतात, फ्रीज उघडतात, दचकतात. एका मामांनी डोळा मारून दादाला बाजूला घेतलं आणि दोन पेले आल्याचं पाणी पिऊन निराश होऊन परतले.

दादाच्या बॅगा? परवा गेले तेव्हा एक रिकामी होऊन माळ्यावर गेली होती. दुसरी अजून पलंगाखाली आहे, अर्धी भरलेली. मी विचारलं नाही. दुसरं पिंप माझ्याकडे अमरावतीत आहे, त्यावर मी टेबललॅम्प ठेवते. काल बाबांचा फोन आला. आखाजीला चुलत्यांकडची सगळी मंडळी येणार आहेत, बावीस जण. एक पिंप पुरनार नाही, थे दुसरं घेऊन ये, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, दोन ठेवली तर फ्रीजमध्ये एक सेंटीमीटर उरतो, बाकी काही मावणार नाही. तर म्हणाले, "मोजलं आहे मी. एक दिवस पेनं काकूकडे ठेवू. तू आन."